पावसाचे पाणी, नाला आणि भरती : एक अभ्यास

आमच्या घरात दाराच्या चौकटीला लागून भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ आहे. तिच्याखाली वडिलांच्या अक्षरात '२६-७-०५' असे लिहिलेले आहे. रेघ जमिनीपासून सात फुटांवर आहे. म्हणजे घरातले कोणीही उभे राहिले तरी ती डोक्याच्या वरच येते. त्या दिवशी कुर्ल्याच्या आमच्या गल्लीत, मिठी नदीच्या काठी, तेथवर पाणी होते. माझा जन्म तेव्हा झालेला नव्हता. आई सहा महिन्यांची गरोदर होती आणि तिने ती रात्र शेजारच्या दुमजली घराच्या गच्चीवर चाळीसएक माणसांबरोबर एका ताडपत्रीखाली काढली. आजी सांगते, की तुला जन्माआधीच पुराचे पाणी लागले आहे, म्हणून तू एवढी बडबडी!

तृतीय वर्षाच्या भूगोलाच्या प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली, तेव्हा मी ही रेघच घेऊन सरांकडे गेले. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आठवणी पुरे झाल्या. आता ती रेघ सातच फुटांवर का आली, दोन किंवा दहा फुटांवर का नाही, ते शोधून काढ." प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाचा गोषवारा आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने आकडेमोड मांडावी याचे काही वाचकांना हसू येईल. परंतु हे गणित बहुतांशी शालेय गुणाकार-भागाकाराचे आहे, आणि सरांनी ते दोनदा तपासले आहे.

प्रथम नदीविषयी. नदी म्हणण्याऐवजी बहुतेक मुंबईकर मिठीला नालाच म्हणतात. ती विहार तलावाच्या सांडव्यापासून निघते, पवई तलावाचे सांडलेले पाणी घेते आणि साकीनाका, कुर्ला, धारावी, वांद्रे असा सुमारे अठरा किलोमीटरांचा प्रवास करून माहीमच्या खाडीत मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एवढ्या जमिनीवर पडलेला पाऊस, मग तो डोंगरावर पडो, कारखान्याच्या पत्र्यावर पडो की आमच्या कौलांवर, शेवटी याच एका वाटेने समुद्राकडे जाणार.

या वाटेत माणसाने काय काय करून ठेवले आहे, ते नकाशावर बोट ठेवून पाहण्यासारखे आहे. विमानतळाची धावपट्टी वाढली तेव्हा नदी तिच्याखालून न्यावी लागली आणि त्या परिसरात तिला जवळजवळ काटकोनात वळावे लागले. तिच्या मुखाजवळची दलदल आणि खारफुटी भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. १९७७ पासून या भागाच्या नियोजनाचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. त्याही आधी, १८४० च्या दशकात, लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून माहीमचा रस्ता खाडीवर बांधला गेला. होड्या उलटून माणसे बुडत, म्हणून त्या माउलीने पैसे दिले. हेतू पुण्याचाच होता. पण खाडीच्या रुंद तोंडाला त्यामुळे एक गळा आला, हेही खरे. आणि या सर्वांच्या जोडीला आम्ही. काठावर भराव टाकून एकेक खोली पुढे सरकवणारे लोक कोणी परके नव्हते. आमच्या आजोबांनीच १९७४ साली विटांचे तुकडे आणि डबर टाकून आमच्या घराची जमीन तयार केली, हे मी लपवून ठेवणार नाही.

आता गणिताकडे येऊ. नाला बांधताना अभियंत्याला प्रथम एकच प्रश्न विचारावा लागतो : पाणी किती येणार? त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. पाऊस किती जोराने पडतो, किती जमिनीवर पडतो आणि त्यातला किती वाटा जमिनीत न मुरता वाहून येतो. तिन्हींचा गुणाकार म्हणजे येणारे पाणी. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मल्वनी नावाच्या आयरिश अभियंत्याने मांडली आणि आजही लहान क्षेत्रासाठी तीच वापरतात.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेल्या होत्या, आणि त्यातले निम्मेच पाणी वाहिनीत येईल, निम्मे जमीन पिईल, असा हिशेब होता. ज्या काळात शहरात माती, बागा, शेते आणि विहिरी होत्या त्या काळी हा हिशेब चुकीचा नव्हता. एक चौरस किलोमीटरवर तासात २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५,००० घनमीटर पाणी होते; निम्मे धरले तर १२,५००; त्याला ३,६०० सेकंदांनी भागले म्हणजे सेकंदाला साधारण साडेतीन घनमीटर.

पुढे या वाहिन्यांचा सविस्तर अभ्यास होऊन १९९३ साली एक अहवाल तयार झाला. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण कार्यालयांतून आणि वर्तमानपत्रांतून तो 'ब्रिमस्टोवॅड' या आद्याक्षरी नावानेच ओळखला जातो. त्याने ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरावा आणि सगळेच्या सगळे पाणी वाहून येते असे मानावे, अशी शिफारस केली. वर्तमानपत्रांत याचे वर्णन 'क्षमता दुप्पट करण्याची योजना' असे येते. मीही प्रथम तसेच लिहिले होते. पण वरील रीतीने पुन्हा भागाकार करून पाहा : ५०,००० भागिले ३,६००, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ घनमीटर. साडेतीनाचे चौदा झाले! पाऊस दुप्पट धरला आणि वाहून येणारा वाटाही दुप्पट धरला, म्हणजे नाला चौपट हवा. त्यातली एक दुप्पट आकाशाची आहे. दुसरी आपण काँक्रीट ओतून स्वतःच केलेली आहे.

दुसरा प्रश्न असा, की आहे त्या नाल्यातून पाणी जाते किती? याचे उत्तर मॅनिंग या दुसऱ्या आयरिश अभियंत्याने १८८९ साली दिले. (आयर्लंडात पाऊस फार पडतो, त्यामुळे या दोघांना विषय घरबसल्या मिळाला असावा.) त्याचे सूत्र येथे देत नाही, त्यात अपूर्णांकी घात आहेत आणि ते पाहून वाचक पान उलटतील. सारांश एवढाच, की नाल्याचा आकार, त्याचा उतार आणि त्याच्या तळाचा व भिंतींचा खडबडीतपणा यांवर पाण्याचा वेग ठरतो. मी नमुन्यादाखल एक नाला कागदावर घेतला : रुंदी १० मीटर, पाण्याची खोली ३ मीटर, हजार मीटरला एक मीटर उतार. तळ दगडगोट्यांचा आणि भिंती ओबडधोबड असतील तर त्यातून सेकंदाला सुमारे ४८ घनमीटर पाणी जाते. तोच नाला गुळगुळीत काँक्रीटचा केला तर दुप्पट, म्हणजे सुमारे ९६. खडबडीतच ठेवून रुंदी २० मीटर केली तर सुमारे ११०. आणि रुंदी, उतार सारे पूर्ववत ठेवून तळाशी फक्त एक मीटर गाळ साचू दिला तर ४८ चे २७ होतात. गाळाने नाल्याचा तिसरा हिस्सा अडवला, पण पाण्याची वाट मात्र चव्वेचाळीस टक्क्यांनी कमी झाली. कारण उथळ पाणी सावकाशही वाहते.

हा आकडा मी आईला दाखवला तेव्हा तिला काडीचे आश्चर्य वाटले नाही. ती म्हणाली, "मे महिन्यात गाळ काढून काठावर ढीग लावतात आणि पहिल्या पावसात तो परत आत जातो, हे आम्ही दरवर्षी बघतो. त्याला गणित कशाला हवे?" मिठीचा गाळ काढल्याच्या हिशेबात गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. तपास हा माझा विषय नव्हे; पण ज्या कामाचे मोजमाप पाण्याखाली असते त्यावर नजर ठेवणे किती अवघड आहे, एवढे त्यावरून ध्यानात येते.

आता हा कागदावरचा ४८ घनमीटरचा नाला जुन्या हिशेबाने जवळपास १४ चौरस किलोमीटर जमिनीचे पाणी सांभाळतो. नव्या हिशेबाने केवळ साडेतीन. आणि २६ जुलैला? त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. कुलाब्याला मात्र अवघा ७३ मिलिमीटर. त्यामुळे दक्षिणेतील कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरांत काय चालले आहे याची कल्पनाही नव्हती. वडील त्यांपैकीच एक. सांताक्रूझला दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात १९० मिलिमीटर पाऊस पडला. एका चौरस किलोमीटरवर हा दर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५३ घनमीटर पाणी. आमचा कागदी नाला, अगदी स्वच्छ असता तरी, एका चौरस किलोमीटरलाही पुरला नसता.

येथे माझा अभ्यास संपला असे मला वाटले होते. एवढा पाऊस आला, नाले लहान होते, पाणी भरले. मी तसे लिहून सरांना दिले. सरांनी समासात एकच शब्द लिहून वही परत केली : 'भरती?'

त्या एका शब्दाने मला पुन्हा कामाला लावले, आणि खरे सांगायचे तर या सगळ्या विषयाचा गाभा मला तेथे सापडला. नाल्यातून पाणी वाहते ते उतारामुळे. पण हा उतार तळाचा नव्हे, पाण्याच्या पृष्ठभागाचा. नाल्याच्या तोंडाशी समुद्राची पातळी चढली की पृष्ठभागाचा उतार कमी होतो. बाहेरचे आणि आतले पाणी एका पातळीत आले की तो शून्य होतो आणि वाहणे थांबते. मग नाला दहा मीटर रुंद असो की शंभर. समुद्र आणखी चढला तर पाणी उलटे आत येते.

हे पुस्तकात वाचून पटत नव्हते, म्हणून गेल्या नारळी पौर्णिमेला आम्ही चौघे वर्गमित्र वांद्रे-कुर्ला संकुलाच्या बाजूला मिठीवरील एका पुलावर गेलो. पौर्णिमा म्हणजे उधाणाची भरती, आणि मुंबईस उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास असते. सकाळी दहाला आम्ही पुलावरून एक नारळ टाकला. तो माहीमकडे जायच्याऐवजी संथपणे कुर्ल्याच्या दिशेने निघाला! सव्वाबाराला टाकलेला दुसरा नारळ जागच्या जागी गोल फिरत राहिला. दुपारी चारला टाकलेला तिसरा मात्र पन्नास मीटरांचे अंतर मिनिटभरात कापून समुद्राकडे गेला. पुलावरून जाणाऱ्या एका कोळी मावशींनी आमचा उद्योग पाहून विचारले, "काय गं पोरींनो, एवढे नारळ? नवस आहे का?" मी सांगितले, की पाणी कुठे जाते ते पाहतो आहोत. त्या म्हणाल्या, "मग नारळ कशाला वाया घालवलेत? मला विचारायचंत." त्यांनी मग उधाण आणि भांग यांतला फरक, कोणत्या तिथीला पाणी कधी चढते, कधी उतरते, हे बोटांवर मोजून दाखवले. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ते पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळले.

मुंबईची पर्जन्यजलवाहिन्यांची १८६ मुखे समुद्रात व खाड्यांत उघडतात. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ सरासरी पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीच्या पातळीच्याही वर असलेली मुखे फक्त सहा. म्हणजे दिवसातून दोनदा, काही तास, शहराची जवळजवळ सगळी दारे समुद्र बाहेरून लावून घेतो. जुन्या वाहिन्यांचा ताशी २५ मिलिमीटरांचा हिशेबही ओहोटीची वेळ धरूनच केलेला होता. २६ जुलै २००५ रोजी दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती होती. वर लिहिलेला १९० मिलिमीटरांचा तास अडीच ते साडेतीनचा होता. दोन्ही वेळा शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे आमच्या भिंतीवरची रेघ सात फुटांवर का आली हे वेगळे सांगावे लागणार नाही. त्या पुरात एकट्या मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली.

त्यानंतर काय झाले? राज्य शासनाने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. चितळे म्हणजे १९९३ साली स्टॉकहोमचा जल पुरस्कार मिळवणारे आपले थोर जलतज्ज्ञ. समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. ऑगस्ट २००५ मध्येच मिठीसाठी स्वतंत्र विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले होते. आणि १९९३ पासून बराच काळ कपाटात पडून राहिलेल्या ब्रिमस्टोवॅडच्या अहवालावरील धूळ झटकली गेली. २००७ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे बाराशे कोटी रुपये मंजूर केले. नाले रुंद व खोल करणे, त्यांना भिंती बांधणे, जुन्या वाहिन्या दुरुस्त करणे अशी कामे सुरू झाली. त्यांतील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे उदंचन केंद्रे, म्हणजेच पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपघरे. भरतीच्या वेळी नाल्याच्या तोंडाशी दरवाजे बंद करायचे, जेणेकरून समुद्र आत येणार नाही. आणि आत साठणारे पाणी पंपांनी उचलून पलीकडे टाकायचे. योजनेत अशी आठ केंद्रे होती. त्यांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली. मोगरा आणि माहुल ही दोन मागे राहिली.

या केंद्रांतील एकेक पंप सेकंदाला सुमारे ६,००० लिटर, म्हणजे सहा घनमीटर पाणी उचलतो. ऐकायला हे फार वाटते. पण आपला भागाकार विसरू नका : ताशी ५० मिलिमीटर पावसात एका चौरस किलोमीटरचे पाणी १४ घनमीटर होते, म्हणजे एक पंप अर्ध्या चौरस किलोमीटरलाही पुरत नाही. म्हणून जेथे पंपाने भागत नाही तेथे पाण्याला थोडा वेळ थांबवून ठेवायचे, ही दुसरी युक्ती. परळ-दादरकडचे हिंदमाता म्हणजे बशीच्या तळासारखी जागा. तिच्यासाठी २०२१ पासून जवळच्या उद्यानाखाली व मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. भरती असेपर्यंत पाणी टाकीत, ओहोटी लागली की बाहेर. नारळाचा प्रयोग केल्यामुळे मला ही कल्पना चटकन समजली. पाण्याला अडचण जागेचीच असते असे नाही, वेळेचीही असते.

आमच्या काठावर मात्र जागेचाच प्रश्न होता. मिठी रुंद करायची म्हणजे ती रुंदी कोठून तरी आणायला हवी. सिंगापुरात कल्लांग नदीचा पावणेतीन किलोमीटरांचा सरळसोट काँक्रीटचा नाला होता. २०१२ साली तेथील बिशान उद्यानातून तो फोडून नदीला पुन्हा वळणे घेऊ दिली, काठ मातीचे व झाडांचे केले. आधी सांगितले तसे खडबडीत काठ पाण्याचा वेग कमी करतात. पण पुराच्या वेळी पाणी बागेत पसरत असल्याने एकंदर वाट आधीहून मोठी झाली. हे वाचून मी फार हुरळून गेले होते आणि प्रकल्पात 'मिठीसाठी हाच मार्ग' असे ठणकावून लिहिले होते. मग ध्यानात आले, की त्या नदीच्या काठी बाग होती. आमच्या नदीच्या काठी माझी थोरली आत्या राहत होती.

आत्याचे घर नदीकडच्या ओळीत होते. रुंदीकरणात ती ओळ गेली. तिला दूरच्या वसाहतीत सातव्या मजल्यावर खोली मिळाली. कागदपत्रे पुरी होती म्हणून मिळाली, तिच्या शेजारणीला तीही मिळाली नाही. आत्या कुर्ल्याच्या बाजारात भाजी विकायची. पहाटेचा माल उतरवायला नव्या जागेहून वेळेवर पोचता येईना, तेव्हा तिने धंदा सोडला. एकदा मी तिला उत्साहाने माझे आकडे सांगत होते, की रुंदी दहाची वीस केली तर पाणी दुपटीहून जास्त जाते. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे आमची ओळ गेली ते बरोबरच झाले ना?" मी उत्तर दिले नाही. गणिताने ते बरोबर होते. नदी तेथे रुंद व्हायलाच हवी होती, असे मी आजही म्हणेन. पण नाल्याच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात खोदाई, काँक्रीट, पोलाद असे रकाने असतात. आत्याच्या बुडालेल्या धंद्याचा रकाना मला कोठे दिसला नाही. तो तेथे असावा, आणि काम सुरू होण्यापूर्वी भरलेला असावा, एवढे माझे म्हणणे आहे.

राहिली आमची ओळ. आम्ही आता नदीच्या पहिल्या रांगेत आलो, आणि आमच्यासमोर काँक्रीटची उंच भिंत उभी राहिली. ती पुरी झाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. नदी आता आत येणार नाही, याचा सर्वांना आनंद होता. आणि खरोखरच मध्यम पुरांत ती आली नाही. पण २९ ऑगस्ट २०१७ च्या मोठ्या पावसात (त्या दिवशी सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस झाला) गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी आले. वडिलांनी भिंतीवरून वाकून पाहिले तर नदीचे पाणी भिंतीच्या काठाखाली होते. मग हे पाणी कोठले? ते गल्लीतले होते. आमच्या कौलांवर, पत्र्यांवर, फरशांवर पडलेला पाऊस भिंतीच्या आत अडकला होता. पूर्वी तो गटारातून नदीत जायचा. भिंत बांधताना त्या गटारासाठी एक भोक ठेवलेले आहे, पण त्याला झडप नाही. नदी खाली असली की त्यातून पाणी बाहेर जाते. नदी चढली की त्याच भोकातून ती आत येते.

झडप ही काही मोठी वस्तू नव्हे. लोखंडी पत्र्याचे, वरच्या बाजूने बिजागरीवर टांगलेले एक झाकण. आतले पाणी जास्त झाले की ते बाहेर ढकलले जाते, बाहेरचे जास्त झाले की आपोआप मिटते. पण येथेही अर्धवट थांबून चालणार नाही. नदी चढलेली असताना झडप मिटली, म्हणजे नदी आत येणार नाही हे ठीक. पण गल्लीवर पडणारा पाऊस कोठे जाईल? त्यासाठी गल्लीच्या तळाशी एक खड्डा आणि एक लहानसा पंप हवा. मी गल्लीचे क्षेत्रफळ पावलांनी मोजले. ते अर्ध्या हेक्टरच्या आसपास भरते. ताशी ५० मिलिमीटर पावसाचे त्यावरील पाणी सेकंदाला सुमारे सत्तर लिटर होते. बांधकामाच्या पायातून पाणी उपसायला ठेकेदार डिझेलवर चालणारे मोठे पंप आणतात, तसे दोन-तीन पंप एवढे काम करू शकतील. हजार कोटींच्या योजनेत आमच्या वाट्याला हे एक झाकण आणि दोन-तीन पंप आले नाहीत. योजना चुकीची होती असे नाही. मोठा नाला आखणाऱ्यांनी नदीकडून भिंत पाहिली. ती गल्लीकडून पाहायची राहून गेली.

हे सारे आकडे घालून, गल्लीचा नकाशा जोडून आणि बासष्ट कुटुंबांच्या सह्या घेऊन मी गेल्या फेब्रुवारीत एक अर्ज केला. पहिल्या कार्यालयात सांगण्यात आले, की भिंतीचे काम पूर्ण होऊन हिशेब बंद झाला आहे, गटार आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितले, की गटार आमचे, पण भोक भिंतीत आहे आणि भिंत आमची नाही. तिसऱ्या खेपेला मात्र एक तरुण अभियंता भेटले. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, माझा सत्तर लिटरांचा हिशेब स्वतःच्या कागदावर पुन्हा केला आणि विचारले, "तुम्ही अभियांत्रिकीच्या का?" मी म्हटले, "नाही, बी. ए. भूगोल." ते मे महिन्यात येऊन भोक मोजून गेले. नऊशे मिलिमीटर व्यासाचे आहे. त्या मापाची झडप तयार मिळते आणि पंपाचा प्रस्ताव वेगळा करावा लागेल, असे त्यांनी सांगितले.

हा लेख छापखान्यात जाईपर्यंत झडप बसलेली नाही. मी आठवड्यातून एकदा फोन करते. भरतीचा या वर्षीचा तक्ता मी दाराच्या आतल्या बाजूस, त्या निळ्या रेघेशेजारी चिकटवला आहे आणि साडेचार मीटरांवरच्या सगळ्या तारखांना लाल खूण केली आहे. आई त्या तारखांना गव्हाचा डबा आणि माझ्या वह्या माळ्यावर चढवून ठेवते.